आतला पत्रा

मोटारीच्या ज्या अवयवाविषयी येथे लिहायचे आहे, त्याला मराठीत नाव नाही. चाकावर कमान धरून उभे असलेले, बाहेरून दिसणारे आणि रंगाच्या चकाकीत मिरवणारे जे पत्र्याचे अंग, त्याला आपण मडगार्ड म्हणतो. परंतु त्या मडगार्डाच्या आत, चाक आणि इंजिन यांच्या मधोमध, पत्र्याची आणखी एक भिंत असते. तिच्या एका अंगाला चाकाने उडवलेला चिखल आपटत असतो. दुसऱ्या अंगाला इंजिनाची धग, तेलाचे शिंतोडे आणि बॅटरीचे तेजाब. गॅरेजमध्ये या भिंतीला ‘एप्रन’ म्हणतात. स्वयंपाकघरातला एप्रन जे करतो तेच ही करते, दुसऱ्यावर उडणारे स्वतःवर घेते; तेव्हा शब्द परका असला तरी चुकीचा नाही. बॉनेट उघडल्याखेरीज ती दिसत नाही, आणि बॉनेट उघडणारा माणूस इंजिन पाहतो, भिंत पाहत नाही.

जुन्या मोटारींविषयी मराठीत जे थोडेफार लेखन आमच्या वाचनात आले, त्यातही ही भिंत आढळली नाही. तेथे हॉर्नचा आवाज असतो, सीटच्या रेक्झिनचा वास असतो, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा असतो, आणि घाटातल्या एखाद्या सहलीचे वर्णन असते. स्मरणरंजनाला बाहेरचा पत्रा पुरतो. आतल्या पत्र्याशी गाठ पडते ती मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची झाली तरच.

आमची मोटार १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ही मूळची इटालियन मोटार घडवली. १९६४ पासून ती डिलाइट होती, १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. मुंबईकरांनी तिला निरोप दिला तो टॅक्सीला. भंडाऱ्यात ती टॅक्सी कधीच नव्हती. येथे ती नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली घरची वस्तू होती; वडिलांनी ती तुमसरला, पवनीला, साकोलीला नेली, आणि तिच्यात माणसांइतकीच तांदळाची पोतीही बसली.

या मोटारीची एक रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मालमोटारीला किंवा जुन्या जीपला चासी असते, म्हणजे लोखंडाची स्वतंत्र चौकट, आणि तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. तेथे एप्रन गळून पडला तर इंजिनावर चिखल येईल, याहून मोठे काही घडणार नाही. फियाट ११०० ज्या रूपात १९५३ साली इटलीत निघाली त्या रूपात तिला अशी वेगळी चौकट नव्हती. पातळ पत्र्याचे दाबून आकार दिलेले तुकडे ठिपक्याठिपक्यांच्या टाक्यांनी एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच तिची चौकट आणि तीच तिची बॉडी. त्या पेटीच्या पुढच्या भागाचा ताठपणा ज्या पत्र्यांवर अवलंबून असतो त्यांत हे दोन एप्रन येतात. त्यांची जाडी सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे जी भिंत कोणी पाहत नाही, तिच्यावर पुढच्या चाकांचे सरळ चालणे अंशतः विसंबून आहे. मोटार एका बाजूला ओढू लागली, दाराची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसू लागली, की जाणता मिस्त्री टायरकडे न पाहता बॉनेट उघडतो.

भंडारा हा पाण्याचा जिल्हा. सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वैनगंगा, मालगुजारांच्या काळातले तलाव, आणि पावसाळ्यात नजर पोचेल तेथवर धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो, आणि तेथून तो मोटारींच्या पोटात शिरतो. आमच्या फियाटचे उजवे मडगार्ड उतरवले तेव्हा एप्रनच्या खालच्या कडेला, जेथे दोन पत्रे एकावर एक येतात, त्या खाचेत या चिखलाचा एक सलग थर बसलेला होता, वाळून विटेसारखा झालेला. हाच खरा शत्रू. पाऊस पत्र्यावरून ओघळून जातो. हा चिखल मात्र दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवतो. त्या काळच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर जस्ताचा लेप नसे, रंग हेच काय ते कवच. जोडाच्या आत, जेथे रंगाचा कुंचला कधी पोचलाच नाही, तेथे लोखंड गंजू लागते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने तो दोन पत्र्यांना पाचरीसारखा फाकवत जातो. मिस्त्रींनी पेचकसाचे टोक टेकवले आणि ते बिस्किटात जावे तसे आत गेले.

इथपर्यंतची हकीकत कोणत्याही जुन्या मोटारीची आहे. आमच्या एप्रनमध्ये वेगळे होते ते एक ठिगळ.

बॅटरीच्या बैठकीखाली, तेजाबाने पत्रा खाल्ला होता त्या जागी, तळहाताएवढा तुकडा बसवलेला होता आणि त्याच्या चारही कडांनी पिवळी रेघ फिरलेली होती. डांबराचा थर खरवडल्यावर ती चकाकली. पितळ. वडिलांनी हे काम १९८८ साली करून घेतले होते, आणि मोटारीच्या गॅरेजमध्ये नव्हे, तर भंडाऱ्यातल्या एका भांड्यांच्या कारागिराकडून. हे ऐकून बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, भंडाऱ्याच्या माणसाला वाटू नये. हे पितळेचे गाव. गावाचे जुने नाव भाणारा, आणि ‘भाण’ म्हणजे भांडे यावरून ते आले अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, येथल्या घरांतले गुंड, घागरी, पराती येथल्याच हातोड्यांखालून गेल्या आहेत. फुटक्या भांड्याला डाख देणाऱ्या हाताला फुटका पत्रा परका नव्हता. टाकणखार टाकून जागा स्वच्छ करायची, गॅसची ज्योत फिरवायची, पितळेची कांडी टेकवायची. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळते, लोखंडाला दीड हजार लागतात. म्हणून पत्रा वितळत नाही, त्याला भोक पडत नाही, तो वाकडा कमी होतो, आणि वितळलेले पितळ दोन पत्र्यांमधल्या बारीक फटीत पाण्यासारखे आपोआप ओढले जाते. पातळ पत्र्यासाठी ही रीत जगभरच्या मोटारकारागिरांनी वापरलेली आहे. ज्याने हे केले त्याला आपण मोटारीच्या बॉडीचे काम करीत आहो असे वाटले असेल की एका चौकोनी भांड्याचे, कोण जाणे. रेघ मात्र अशी सरळ आणि सारख्या जाडीची होती की मिस्त्री काही क्षण हातातला पेचकस विसरले.

मग ते म्हणाले, “हा पितर काढा लागते सर. याच्यावर टाका धरत नाई.”

मिस्त्री मोहाडी तालुक्यातले, आणि त्यांची बोली झाडीपट्टीची. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याच्या जागी ‘र’ येतो. डोळा तेथे डोरा होतो, काळा कारा होतो आणि पितळ पितर होते. भाषाशास्त्राच्या वर्गात ही एक साधी ध्वनिपरिवर्तनाची नोंद ठरेल. वडिलांनी लावून घेतलेल्या ठिगळासमोर उभे राहून ती ऐकताना आम्हांस ती तेवढी साधी वाटली नाही. मिस्त्रींच्या मनात श्लेष नव्हता. त्यांना फक्त वेल्डिंगची काळजी होती.

ती काळजी रास्त होती. हल्ली पत्र्याचे काम ज्या विजेच्या वेल्डिंगने होते त्याला गॅरेजमध्ये ‘सीओटू’ म्हणतात, कारण वितळलेल्या थेंबाभोवती कार्बन डायऑक्साइडचा झोत सोडून हवा दूर ठेवली जाते. हे वेल्डिंग पितळ लागलेल्या लोखंडावर करू गेले तर पितळेतले जस्त उकळून वाफ होते आणि टाका जाळीदार निघतो. तांबे तापलेल्या पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरते आणि टाका थंड होताना तडकतो. पितळ घासून काढले तरी त्याचा अंश मागे राहतो. म्हणून पितळाच्या रेघेपासून चांगले बोटभर पुढे, शुद्ध लोखंड लागेल तेथवर, कापावे लागते. आणि आमच्या एप्रनमध्ये शुद्ध लोखंड बोटभर पुढेही नव्हते. ओल असेल तेथे पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकून राहिले की विजेचा एक सूक्ष्म घट तयार होतो, आणि त्या घटात झिजते ते लोखंड. तीन दशकांहून अधिक काळ ते ठिगळ तसूभर हलले नव्हते, त्याची रेघ उजळ होती. त्याच्या सभोवतीचा मूळ पत्रा मात्र चाळणी झाला होता. दुरुस्ती टिकली, आणि जिच्यासाठी ती केली ती वस्तू तिच्या कडेने विरत गेली. अर्थात सारा दोष पितळावर टाकणे अन्यायाचे होईल. तेजाब आणि चिखल यांनी आपापला वाटा उचललाच होता. आणि ते ठिगळ नसते तर ही मोटार कदाचित त्याच दशकात भंगारात गेली असती.

आता प्रश्न असा होता: संपूर्ण एप्रन बदलायचा, की गेलेला भाग कापून तेवढाच नवा जोडायचा? तयार नवा एप्रन बाजारात मिळत नाही. मुंबईत मोडीत निघालेल्या टॅक्सींचे सुटे भाग फिरत असतात, पण समुद्राच्या हवेत आयुष्य काढलेल्या गाडीचा आतला पत्रा आमच्या पत्र्याहून निरोगी असण्याचा संभव कमी. राहता राहिला हाताने घडवलेला. नागपूरचे एक जाणकार स्नेही संपूर्ण बदलाच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे, जुन्या पत्र्याला नवा पत्रा जोडला की जोड हीच पुढच्या गंजाची जागा; आणि घडवायचेच आहे तर असे घडवावे, जोड असा घासावा, की कारखान्यातून आला तसा दिसावा. मिस्त्रींना वरचा दोनतृतीयांश पत्रा काढणे पटत नव्हते. तो ठणठणीत होता. त्यावर हातोडी वाजवली की नाद येत होता. त्याच्या दाबलेल्या उभार रेषा, वरच्या कडेचे कारखान्यातले ठिपकेदार टाके, इंजिनाच्या बाजूचा मूळ रंग, सारे जागेवर होते.

साहित्याच्या वर्गात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा वाद ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांनी कोठला पाठ काढला आणि त्याजागी कोठला बसवला याची खूण मागे ठेवली नाही. ती त्या काळाची रीतही नव्हती. परिणाम असा की जोड दिसत नाही. आणि जोड दिसत नाही म्हणूनच पुढे राजवाड्यांना नाथपूर्व म्हणून दुसरी पोथी १९०९ साली छापावीशी वाटली, आणि तिच्यावरूनही वाद झाले. महानुभावांची रीत निराळी. आदिग्रंथ हरवल्यावर तो आठवणींतून पुन्हा उभारताना जेथे आठवणी जुळल्या नाहीत तेथे त्यांनी भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून, ज्याचा त्याच्या नावाने, जपले. वाचताना अडखळायला होते, ओघ तुटतो. पण कोणता शब्द कोणाच्या स्मरणातून आला हे कळते. पत्र्याची आणि पोथीची तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. पोथीवर मोटारीचे चाक उभे राहत नाही. तरीही निर्णय घेताना आमच्या मनात नाथांपेक्षा महानुभावच अधिक होते, हे नमूद करतो.

निर्णय असा झाला की वरचा पत्रा राखावा, खालचा तिसरा हिस्सा नवा घालावा, आणि जोड चाकाच्या बाजूने घासून लपवू नये.

कापण्याआधी मिस्त्रींनी जे केले ते पाहण्यासारखे होते. गाडी घोड्यांवर समपातळीत ठेवली. इंजिनाच्या खणाचे दोन्ही कर्ण फितीने मोजून खडूने भिंतीवर लिहिले. दोन्ही एप्रनच्या मध्ये अँगलचा आडवा तुकडा तात्पुरता टाकून घेतला, कारण एकदा भिंत कापली की पेटी आपल्याच वजनाने दोनतीन मिलिमीटर सरकते, आणि त्या अवस्थेत नवी भिंत बसवली की ते सरकणे कायमचे होते. मग मूळचे ठिपके एकेक करून ड्रिलने उकरले, फक्त वरचा पत्रा सुटेल आणि खालच्याला भोक पडणार नाही इतक्याच खोलीवर. हे सर्व करीपर्यंत एक दिवस गेला आणि मोटारीला नवे असे काहीच लागले नव्हते. गिऱ्हाईक ज्या दिवसाचे पैसे द्यायला कुरकुरते तो हा दिवस.

नव्या तुकड्याचा आकार आधी पुठ्ठ्याचा काढला, नंतर वीस गेजच्या सीआर पत्र्यावर उतरवला. त्यावरच्या उभार रेषा शोभेच्या नसतात. सपाट पत्रा इंजिनाच्या थरथरीने डबा वाजावा तसा वाजतो, रेघ दाबली की ताठ होतो. कारखान्यात त्या एका दाबात उमटल्या असतील. येथे सागवानी ठोकळ्यात खाच कोरून, तिच्यावर पत्रा धरून, बोथट छिन्नीने आणि हातोडीने त्या उतरवायला दुपार गेली. त्या मूळ रेषांशी जुळल्या, पण नेमक्या त्यांच्यासारख्या झाल्या नाहीत. हाताने काढलेली रेघ थोडी श्वास घेते.

टाका एका दमात ओढायचा नसतो. एक ठिपका येथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा पहिल्याच्या विरुद्ध कडेला, मध्ये हात लावून पाहायचे, गरम असेल तर थांबायचे. घाई केली तर पत्र्याचा पापड होतो. थांबण्याच्या एका वेळी आम्ही वेल्डिंगच्या तारेच्या रिळावरचे लेबल वाचत बसलो. या तारेत दीड टक्क्याच्या आसपास मँगनीज घातलेले असते. ज्योतीत शिरलेला प्राणवायू ते ओढून घेते आणि टाका सच्छिद्र होऊ देत नाही. मँगनीजचे खनिज म्हटले की आमच्या जिल्ह्याच्या माणसाला तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आठवतात. त्यांपैकी डोंगरी बुजुर्गचे खनिज सुक्या बॅटऱ्यांसाठी प्रसिद्ध. रिळातले मँगनीज कोठले, हे लेबलावर अर्थातच नव्हते. मिस्त्रींचे वडील मात्र चिखल्याच्या खाणीत होते, असे त्यांनी चहा पिताना सांगितले, आणि विषय तेथेच सोडला.

टाके पूर्ण झाल्यावर इंजिनाच्या बाजूने जोड हलकेच घासला, चाकाच्या बाजूने राखला. त्यावर जस्ताचा प्रायमर, जोडाच्या फटीत सीलर, मग रेड ऑक्साइड, आणि खालच्या कडेला मूळ नकाशात होते त्याच जागी पाणी निघायची दोन छिद्रे. ही छिद्रे बुजली की पुन्हा तोच चिखल, पुन्हा तीच वीट. रंगाखालीही जोडाची वळी बोटाला लागते. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

या सर्वात एक सरकारी बाजूही होती. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि अट अशी की वाहन मूळ रूपात जपलेले असावे, चासी, बॉडी वा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. आमच्या मोटारीचे वय बसते. परंतु जिची बॉडी हीच चासी आहे तिच्या एप्रनचा तिसरा हिस्सा हाताने घडवून बसवला तर तो भरीव फेरफार की दुरुस्ती? आणि वडिलांनी लावलेले पितळ काढून लोखंड घातले, तर आम्ही मूळ रूपापासून दूर गेलो की त्याच्याजवळ आलो? नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असले प्रश्न नसणार. स्नेह्यांचा सल्ला असा की घासलेला, न दिसणारा जोड येथे उपयोगी पडला असता. आमचे मन त्याला तयार झाले नाही, आणि तसे करण्याची गरजही उरली नाही, कारण त्याच नियमात पुढे असे आहे की व्हिंटेज वाहन रस्त्यावर आणायचे ते प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच. पवनीला आत्याकडे जाणे या यादीत बसत नाही. आम्ही साधीच नोंदणी ठेवली. तिच्यासाठी दर पाच वर्षांनी मोटार तपासणीला न्यावी लागते, आणि तपासणारा अधिकारी बॉनेट उघडून जे पाहायचे ते पाहतो.

कापून काढलेल्या भागातले पितळाचे ठिगळ मिस्त्रींनी मागून घेतले. त्यांच्याकडे कामाला येणारा मुलगा सीओटूशिवाय दुसरी रीत पाहिलेला नाही. त्याला गॅसचे काम शिकवताना कड कशी चालवायची ते दाखवायला हवे, असे ते म्हणाले. आम्ही दिले. डाव्या बाजूचा एप्रन अजून उघडलेला नाही. तो धान कापून झाल्यावर, हवा कोरडी असताना करायचा ठरला आहे. ओल्या हवेत प्रायमर मारलेला मिस्त्रींना चालत नाही, आणि तोवर तो मुलगाही शेतावर असतो.